मुंबईतल्या गिरगाव-काळबादेवीचे जुने फोटो आजच्या रस्त्यांशी जुळतच नाहीत. इमारती आणि रस्ते कधी आणि का बदलले? इमारतीचं वय नुसतं बघून ओळखता येतं का?

वय ओळखता येतं, फक्त समोरून बघून ओळखायला जाऊ नका. काळबादेवीवर चकचकीत पॅनेल ठोकलेल्या दुकानासमोर उभं राहून मान वर केलीत तर सागवानी कंस आणि बिडाचा कठडा दिसतो. उलट, गिरगावात शंभरीची वाटणारी एखादी इमारत आतून १९५५ ची निघते. मागे हाऊसगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या सांडपाण्याच्या बोळात जा. पुढची बाजू दर दहा वर्षांनी रंगते, मागची कोणी रंगवत नाही, त्यामुळे खरं काय ते तिथे दिसतं.

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. ‘इमारत म्हातारी झाली होती, पडणारच’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

इतिहास आधी उरकून घेतो. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटाच्या (आजच्या फोर्टच्या) आत मोठी आग लागली आणि तिथली दाट वस्ती मैदानापलीकडे सरकली. गिरगाव तेव्हा वाड्यांचं, म्हणजे बागायतींचं होतं. गल्ल्या आजही वाकड्यातिकड्या आहेत त्या वाड्यांच्या हद्दी धरून गेल्यामुळे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, कोटाची भिंतही त्याच दशकात पाडली, आणि त्या पैशातून मजल्यांवर मजले चढले. मग १८९६ चा प्लेग. त्यातून १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था आली. समुद्राकडची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड वस्ती कापून काढले. ट्रस्टचा ६३.५ अंशांचा नियम फार कमी लोकांना माहीत असतो. त्याचा साधा अर्थ असा की खिडकीसमोर जितकी मोकळी जागा, त्याच्या दुपटीपेक्षा समोरची भिंत उंच नको. म्हणजे दहा फुटांची मोकळीक असेल तर वीस फुटांची भिंत. ट्रस्टच्या रस्त्यांवरच्या खोल्यांत दिवसा दिवा लागत नाही आणि जुन्या गल्ल्यांत लागतो, तो फरक या नियमाचा. आजच्या पुनर्विकासात त्या कोनाची आठवण कोणी काढत नाही.

फोटोंची तारीख लावायची असेल तर ट्राम बघा. काळबादेवीवरून घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये आली आणि शहरातली शेवटची ३१ मार्च १९६४ ला धावली. फोटोत रूळ आहेत पण डोक्यावर तार नाही, तर तो १९०७ च्या आधीचा धरायला हरकत नाही.

आता रस्त्याची कड. जुन्या फोटोत इमारतींची ओळ सरळ दिसते आणि आज ती दातेरी झाली आहे. एक इमारत पुढे, तिच्या शेजारची पाच-सात फूट मागे. यात कोणाची लहर नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम २९७ खाली पालिका रस्त्याची रेषा ठरवते. उभ्या इमारतीला सहसा हात लावत नाहीत, पण ती पाडून नवी बांधायची वेळ आली की रेषेबाहेरची जागा रस्त्याला सोडावी लागते. सगळ्या इमारती एकदम पडत नाहीत, त्यामुळे रस्ता पन्नास वर्षं अर्धवट रुंद राहतो. रुंद झालेल्या तुकड्यात गाड्या उभ्या राहतात, चालणाऱ्याला काही मिळत नाही. कागदावरची रुंदी आणि चालण्याजोगी रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रस्ता वरही चढला आहे. जुना थर न खरवडता त्यावर दीड-दोन इंचांचा नवा डांबरी थर, असं चारपाच वेळा झालं की ओट्याची एक पायरी गाडली जाते. दुकानात उतरून जावं लागत असेल तर समजा की दुकान खचलेलं नाही, रस्ता चढलाय. मग पावसाचं पाणी जोत्यात मुरतं आणि तळमजल्याच्या भिंती कमरेइतक्या ओल्या राहतात. सिमेंटचा रस्ता करताना खोदून पातळी खाली आणता येते, पण काम चालू असताना रहिवाशांपैकी कोणी उंबऱ्याची उंची मोजून मागे लागलं तरच.

वयाकडे येतो. आत गेल्यावर छत बघा. फूट-दीड फुटावर सागवानी कड्या (आडव्या लाकडी तुळया) आणि वर फळ्या, म्हणजे कडीपाट असेल, तर इमारत साधारण १९२० च्या आधीची धरा. लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी किंवा लाद्या असतील तर शतक पालटतानाची किंवा त्यानंतरची. गंज खरवडल्यावर तुळईच्या पोटावर उठावाची अक्षरं सापडतात. ‘डॉर्मन लाँग’ दिसलं तर माल विलायती. टाटांचं पोलाद १९१२ पासून निघू लागलं, तेव्हा त्यांचा शिक्का असेल तर त्यानंतरचंच. गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर पातळ सलग छज्जे आणि आरसीसीचा (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा ही १९३०-४० ची ढब. मरीन ड्राइव्हवरच्या ज्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली त्यांचीच ही भावंडं. आणि हे सगळं करण्याआधी उपकराची, म्हणजे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतात त्या कराची पावती काढा. त्यावर वर्ग लिहिलेला असतो. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची इमारत ‘अ’, तिथून १९५० अखेरपर्यंतची ‘ब’, आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची ‘क’.

बदल का झाले याचं माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. या रस्त्यांचं रूप बदललं ते दोन ठिकाणांहून, तळमजल्यावरच्या दुकानातून आणि वरच्या माळ्यावरच्या मोरीतून.

दुकानाचं असं. मूळ रचनेत तळमजल्याला चार-साडेचार फुटांची दारं आणि दोन दारांमध्ये जाड विटांचा खांब. दारं फळ्यांची, रात्री क्रमाने लावायची. मग रोलिंग शटर आलं, त्याला रुंद तोंड हवं, म्हणून मधला खांब काढला आणि वर गर्डर टाकला. गर्डर टाकणं हा गुन्हा नाही, ज्या पद्धतीने टाकतात तो आहे. नीट करायचं तर आधी वरच्या भिंतीत आरपार सुया (आडव्या आधार-तुळया) घालून दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे आणि जॅकने भार अलगद उचलून घ्यायचा. गर्डरच्या दोन्ही टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर पोलादी पट्टी हवी. गर्डर आणि वरची भिंत यांच्यातली फट कोरड्या, घट्ट ठासलेल्या मसाल्याने भरायची, आणि तो पक्का झाल्याशिवाय टेकूला हात लावायचा नाही. प्रत्यक्षात काय होतं? रात्रीत खांब उडवतात, गर्डरचं टोक थेट जुन्या चुन्याच्या विटकामावर टेकवतात, वरची फट तशीच. भार आला की गर्डर वाकतो आणि वरची भिंतही त्या फटीएवढी खाली येते. दुकानाच्या कोपऱ्यापासून पहिल्या माळ्याच्या खिडकीकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भेग दिसली, तर खालच्या खांबाची चौकशी करा. हल्ली नेमकी तीच जागा दुकानाच्या बोर्डामागे झाकलेली असते.

मोरीचं त्याहून वाईट. चाळीत संडास मागे, सामाईक, आणि खोलीत बाहेरच्या भिंतीशी लहानशी मोरी. लोकांना खोलीतच न्हाणी-संडास हवा असतो, आणि तो हवाच. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहण्यात काही संस्कृती नाही. पण लाकडी कड्यांवर तो कसा बांधतात ते बघा. तीन बाय चार फुटांची न्हाणी, दोन बाजूंना जुन्या भिंती, दोन बाजूंना नवी साडेचार इंची वीटभिंत, उंची आठ फूट. नव्या भिंतीचं क्षेत्र ५६ चौरस फूट. अशी भिंत प्लास्टरसकट चौरस फुटाला २३ किलोच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ १,३०० किलो. खाली उतारासाठी सहा इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा, तो ३३० किलो. वर पाण्याचं २०० लिटरचं पिंप. एकूण १,८०० किलोच्या वर गेलं. आणि घराच्या जमिनीवर वापराचा भार धरतात चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे या बारा चौरस फुटांत सव्वादोनशे. आठपट भार चार-पाच कड्यांवर, आणि तोही गळणाऱ्या पाण्यासकट.

करायचंच असेल तर भिंती हलक्या चौकटीवरच्या सिमेंट शीटच्या, कोब्याऐवजी तयार ट्रे, जलरोधक थर भिंतीवर निदान फूटभर चढवलेला, सांडपाण्याच्या नळाला ४० ला १ चा उतार, आणि बाहेरचा उभा नळ भिंतीला चिकटवून नव्हे तर क्लॅम्पवर दोन इंच सोडून. पिंप भिंतीलगत, कड्यांच्या टोकांजवळ ठेवा, खोलीच्या मध्यावर नको. हे सगळं मिळून वीटकामाच्या न्हाणीच्या चौथाई वजनातही बसतं.

सागवान मधोमध सहसा कुजत नाही, भिंतीत घुसलेलं टोक कुजतं. भिंतीपासून नऊ इंचांपर्यंतच्या भागात लाकडी हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोचा घाला. अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच सहज गेला आणि भुसा सुटला तर टोक गेलं. पण टोक गेलं म्हणजे कडी गेली नाही, आणि कडी गेली म्हणजे इमारत गेली नाही. टेकू देऊन कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापायचा, दोन्ही बाजूंनी पोलादी चॅनेल लावून आरपार बोल्ट मारायचे आणि भिंतीतल्या दगडी बैठकीवर ते चॅनेल टेकवायचे. टोकाभोवती हवेला थोडी फट ठेवायची. ती फट सिमेंटने लिंपली की नवं कामही सडायला सुरुवात झाली.

आणि इथे आमच्याच धंद्यातल्या लोकांशी माझं जुनं भांडण आहे. विटा-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर मारणं हा दुरुस्तीच्या नावाखाली चाललेला सर्वांत मोठा नाश आहे. ‘सिमेंट मजबूत’ म्हणतात. मजबूत आहेच, त्रास त्याचाच आहे. चुन्याच्या भिंतीत पाणी शिरतं आणि उन्हात बाहेर पडतं. वर सिमेंटचा कडक थर आला की शिरणं थांबत नाही, केसाएवढ्या भेगांतून चालूच राहतं, फक्त बाहेर पडायची वाट बंद होते. ते पाणी मग जिथे मऊ जागा मिळेल तिथे जातं, म्हणजे कडीच्या टोकाकडे नाहीतर लोखंडी तुळईकडे. गंजलेलं लोखंड फुगून मूळच्या काही पट जागा घेतं आणि भोवतीची वीट फोडतं. दोन पावसाळ्यांत प्लास्टरचे पापुद्रे सुटतात आणि तोच ठेकेदार म्हणतो, ‘बघा, इमारतच जुनी.’ त्याऐवजी प्लास्टर चुन्याचं हवं: एक भाग नीट मुरवलेला चुना, तीन भाग वाळू, ओल जास्त असेल तिथे थोड्या वाळूऐवजी सुरखी (विटांची भुकटी), पातळ थर, आणि हळूहळू वाळू द्यायचं. वेळ लागतो, गवंडी शोधावा लागतो. चुना मिळत नाही, हे मात्र खरं नाही.

‘म्हातारी झाली म्हणून पडली’ म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. डोंगरीतली इमारत २०१९ मध्ये पडली आणि फोर्टमधली २०२० मध्ये, दोन्ही १६ जुलैला. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, २९ ऑगस्टच्या मुसळधार पावसानंतर दोन दिवसांत. या इमारती वयानेच पडायच्या असत्या तर एखादीने तरी उन्हाळा निवडला असता.

भाड्याचं राहिलं. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली, मालकाने हात काढून घेतला, १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला, आणि टेकू हा चाळीचा कायमचा अवयव झाला. ३१ मार्च २००० पासूनच्या नव्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे. मूळ भाडंच नगण्य असेल तर त्यावरच्या ४ टक्क्यांत चुन्याची गोणीही येत नाही. मालक भाडेकरूंना आणि भाडेकरू मालकाला शिव्या घालतात. दोघांचंही अर्धं खरं आहे.

टॉवरबद्दल एवढंच की घरं मोठी होतात, लिफ्ट येते, म्हाताऱ्यांचे जिने वाचतात. पण खालचे तीन-चार मजले पार्किंगचे असतात, रस्त्याकडे गाड्यांचा उतार आणि गेट येतं, आणि जिथे सलग दहा दुकानं होती तिथे कोरी भिंत उभी राहते. तुमच्या फोटोंतला आणि आजचा सर्वांत मोठा फरक मला तरी उंचीपेक्षा हा वाटतो.

हे सगळं बेट-मुंबईतल्या (उपनगरं सोडून जुन्या शहरातल्या) भार पेलणाऱ्या भिंतींच्या आणि लाकडी-लोखंडी तुळयांच्या इमारतींबद्दल आहे. आरसीसीची दुखणी वेगळी, तिथे चुन्याचा सल्ला लावू नका. तीस वर्षांवरच्या इमारतीला त्याच महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, तेव्हा हातोडी-टोच्यावर निर्णय घेऊ नका. ऑडिटवाल्याने भिंतीतली टोकं उघडून पाहिली का, एवढं मात्र जरूर विचारा. आणि इमारतीला ‘सी-१’, म्हणजे राहण्यास धोकादायक असा शेरा मिळाला असेल तर माझ्याशी किंवा कोणाशीही वाद घालत बसू नका, घर रिकामं करा. निघण्याआधी खोलीचं कार्पेट क्षेत्र पालिकेकडून मोजून, भाडेकरूंच्या यादीत नाव आणि क्षेत्र लिहून, त्याची प्रत हातात घ्या. पोटमाळा आणि गॅलरी त्या मोजणीत कशी धरली आहे तेही तिथेच वाचून घ्या.