संथ पॅन हिसके का देतो?

प्रश्न : चित्रपटावरच्या माझ्या व्हिडिओ निबंधात संथ पॅनचे (कॅमेरा जागेवरून हळूहळू आडवा फिरतो ते) शॉट अडखळतात. मूळ फाइल मात्र नीट चालते. असं का?

उत्तर : तुमची टाइमलाइन (संपादनात क्लिप ओळीने लावतो ती पट्टी) बहुधा सेकंदाला 30 फ्रेमची आहे. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा. फरक भरायला सॉफ्टवेअर दर चार फ्रेममागे एक पुन्हा दाखवतं. बोलणाऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं, पॅनमध्ये लगेच डोळ्यांत खुपतं. आणि शॉटची लयच बिघडली, तर तिच्याबद्दल बोलणार काय? नवी टाइमलाइन क्लिप टाकण्याआधीच 24 वर ठेवा (फाइल 23.976 असेल तर तेवढीच), डाविंची रिझॉल्व्ह या संपादन सॉफ्टवेअरमध्ये नंतर हा आकडा बदलत नाही. एक्स्पोर्टही त्याच दराने. क्लिप 30 फ्रेमच्या स्क्रीन रेकॉर्डिंगमधून घेतली असेल, तर जादा फ्रेम त्यातच मुरलेल्या असतात. ती मूळ फाइलमधून पुन्हा काढा.