पट्टीवर न दिसणारी अडत

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

राजारामपुरीतल्या गुंतवणूक सल्लागारांनी सल्ल्याची फी वर्षाला १८ हजार सांगितली म्हणून तू दचकलीस. तुझी बचत सगळी मिळून सहा लाख, म्हणजे फी झाली तीन टक्के. दचकणं बरोबरच आहे. पण पुढे "दुसरा एक जण फुकट सांगतोय" असं लिहिलंयस, ते वाचून मला राहवलं नाही.

आमचे आबा शाहूपुरीच्या बाजारात गूळ विकायला लावायचे. संध्याकाळी हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, यायची. हमाली, तोलाई, अडत म्हणजे अडत्याची दलाली, एकेक वजावट ओळीने लिहिलेली आणि तळाशी हाती पडणारी रक्कम. आबा दिव्याजवळ बसून ती दोनदा वाचायचे. वजावट जड वाटली की पुढच्या हंगामात अडत्या बदलायचे. दिसत होती म्हणून बदलता यायची.

फुकट सांगणाऱ्याचीही अडत असते, फक्त पट्टीवर नसते. त्याच्याकडून म्युच्युअल फंडाचा रेग्युलर प्लॅन घेतलास की फंड कंपनी दरवर्षी त्याला कमिशन देते आणि ते तुझ्याच पैशातून जातं. १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन मिळतात, त्यात हे कमिशन नसतं. कमिशनपायी वर्षाला एक टक्का गेला तर काय मोठं, असं वाटेल. १० लाख २० वर्षं ठेवले आणि हिशेबापुरती वर्षाला ११ टक्के वाढ धरली तर साधारण ८०.६ लाख होतात. १० टक्क्यांनी ६७.३ लाख. तुझ्या आईकडे सहा महिन्यांनी जे फंडांचं एकत्रित स्टेटमेंट येतं, त्यात वितरकाला, म्हणजे फंड विकणाऱ्याला, दिलेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं. ते शोध.

मी निवृत्त झालो तेव्हा असाच एक भला बोलणारा माणूस घरी आला. चहा घेतला, फी एक पैसा घेतली नाही आणि वर्षाला लाखाचा हप्ता असलेली पॉलिसी गळ्यात मारली. दोन हप्त्यांनंतर मोडली तेव्हा भरलेल्याच्या निम्मेही परत आले नाहीत. तुझ्या काकूला हे सांगायला मला आठ दिवस लागले.

त्यानंतर मी फी देऊन सल्ला घ्यायला लागलो. मार्च २०२० मध्ये शेअर बाजार कोसळला, त्याचा निर्देशांक निफ्टी जानेवारीच्या उंचीवरून एक तृतीयांशाहून जास्त खाली आला. मी सगळं विकायचा फॉर्म भरून, सही करून टेबलावर ठेवला होता. सल्लागारांनी फोनवर एवढंच विचारलं, "या पैशाची गरज कोणत्या वर्षी आहे?" नातीच्या शिक्षणाचे पैसे होते, सात वर्षं पुढे होती. फॉर्म फाडला. त्या एका फोनने माझी अनेक वर्षांची फी वसूल केली. कोणता फंड जास्त चढेल हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि जो ते छातीठोक सांगेल त्याला तू पैसे देऊ नकोस.

आता तुझं. आधी त्या सल्लागारांचा सेबीचा, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक बघ. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए अक्षरांनी सुरू होतो. नुसता एआरएन, म्हणजे फंड विकणाऱ्याचा क्रमांक, असेल तर ते वितरक आहेत. ज्याच्याकडून सल्ल्याची फी घेतली त्याच्याच गुंतवणुकीवर सल्लागाराला कमिशन घेता येत नाही. फीलाही मर्यादा आहे: टक्क्यांत घेतली तर वर्षाला अडीच टक्के, ठरावीक रकमेत घेतली तर एका कुटुंबाला १,५१,००० रुपये. तुझे १८ हजार ठरावीक रकमेत आहेत, म्हणून तीन टक्के पडले तरी नियमात बसतात. पण ही वरची हद्द झाली, भाव नव्हे. रोख देऊ नकोस.

पहिल्या भेटीत ते काय विचारतात ते नीट ऐक. कर्ज किती, आईवडिलांचा आरोग्य विमा आहे का, नोकरी गेली तर किती महिने निभेल, हे विचारून मग गुंतवणुकीवर आले तर माणूस कामाचा. दहाव्या मिनिटाला योजनेचं माहितीपत्रक पुढे सरकवलं तर उठून ये.

माझं मत स्पष्ट आहे: दरवर्षी १८ हजार तुला आत्ता परवडणारे नाहीत. एकदाच पूर्ण आराखडा करून द्याल का, त्याचे किती घ्याल, असं विचार. मुदत विमा, आईवडिलांचा विमा, एसआयपी, नॉमिनी, एवढं एकदा बसलं की दोनतीन वर्षं तुझं तुला चालवता येईल. लग्न, घर, असं काही आलं की पुन्हा जा. त्या वेळी मात्र फी द्यायला मागेपुढे पाहू नकोस.

रविवारी गोकुळ शिरगावला कामावर सुट्टी असेल तर घरी ये. आईचं स्टेटमेंट आण, आणि धाकट्याच्या शिक्षणाचं कर्ज किती राहिलंय ते कागदावर लिहून आण.

तुझा,
काका