मूळ छायाचित्र पुसून टाकले, तरी डेस्कटॉपवर वॉलपेपर कसा टिकून राहतो?

याचे कारण असे की विंडोज आपण निवडलेल्या मूळ फाइलवर अवलंबून राहत नाही. वॉलपेपर लावताना ती त्या चित्राची स्वतंत्र प्रत तयार करून वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमधील 'थीम्स' या उपफोल्डरात 'ट्रान्सकोडेडवॉलपेपर' या नावाने ठेवते. या फाइलीला एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा, फाइलीचा प्रकार सांगणारा भाग) नसते, त्यामुळे ती चित्राची आहे हे सहज ओळखू येत नाही. मात्र तिची नक्कल करून नावाच्या शेवटी 'डॉट जेपीजी' (चित्राच्या फाइलीचा एक प्रकार) जोडल्यास ती बहुधा सरळ उघडते, आणि हरवलेले छायाचित्र अशा रीतीने परतही मिळू शकते. अर्थात ते मुळाइतके स्पष्ट असेलच असे नाही, कारण विंडोज जेपीजी चित्रे आपोआप सुमारे ८५ टक्के गुणवत्तेवर पुन्हा संकुचित करते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या संग्रहात, 'जेपीईजीइम्पोर्टक्वालिटी' ही नोंद १०० केल्यास हा ऱ्हास बराच टळतो, पण सामान्य वापरात हा फरक क्वचितच जाणवतो, असे माझे मत आहे.

लिनक्स या प्रणालीवरील ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मात्र सेटिंगमध्ये केवळ फाइलीचा पत्ता नोंदवला जातो, त्यामुळे तो ज्या फाइलीकडे निर्देश करतो ती पुसली गेल्यास पुढच्या लॉगिननंतर चित्राऐवजी साधा रंग दिसू शकतो.

फाइल डिस्कवर कितीही लहान असली तरी पडद्यावर दाखवण्यासाठी ती पूर्ण उलगडावी लागते: १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, सुमारे ८ मेगाबाइट स्मृती लागते.