१९९४ च्या चित्रपटांची यादी करतोयस ना? मग आधी हे वाच

पहिलं म्हणजे वर्ष कसं मोजायचं ते ठरव. मी पहिल्या जाहीर प्रदर्शनाचं वर्ष धरतो, नाहीतर पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीच्या रंगत्रयीपाशीच (रंगांची नावं असलेले त्याचे तीन चित्रपट) घोळ होतो. 'ब्लू' १९९३ चा, 'व्हाइट' आणि 'रेड' १९९४ चे. यादीत नसला तरी 'ब्लू' आधी बघच, त्याशिवाय 'रेड'चा शेवट पूर्ण पोचत नाही. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'रेड'ही स्पर्धेत होता, पण पाम द'ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला 'पल्प फिक्शन'ला. माझं मत अजून 'रेड'लाच!

'द शॉशँक रिडेम्प्शन' सगळेच सुचवतील. बघ, पण लोकप्रियतेला दबून पहिला नंबर देऊ नकोस. तो थिएटरात चालला नव्हता, सात ऑस्कर नामांकनांतून एकही बाहुली मिळाली नाही, हे ठाऊक असलेलं बरं. 'फॉरेस्ट गम्प' एकदा पुरे.

खरी मजा 'चुंगकिंग एक्स्प्रेस'मध्ये आहे. 'ॲशेस ऑफ टाइम' या आपल्याच चित्रपटाच्या संकलनातून सुट्टी काढून हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वायने तो झटपट उरकला. तो उतावळेपणा फ्रेमफ्रेममध्ये दिसतो. दोन्ही त्याच वर्षीचे, लागोपाठ बघ.

आणि सात तासांचा हंगेरियन चित्रपट 'सातानटँगो' इतक्यात नको. मी माझ्या यादीच्या पहिल्याच महिन्यात लावला होता, दुसऱ्या तासाला घोरत होतो.