तुमचं इंग्रजी अजून कुणी ऐकलंच नाही

ताई, मी 36 वर्षांची, राहते कळव्याला. रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नऊ वर्षं आहे. टॅलीत एंट्र्या, जीएसटीचं मॅचिंग, बँक रेको. हातात 24,000 येतात. आठ महिने झाले, दुसरीकडे नोकरी बघतेय. मिस्टरांची साथ खूप आहे, रात्री बसून तेच साइटवर अर्ज टाकतात, शंभरावर झाले असतील. ऑफिसात सर समोरच बसतात, मला फोन घेता येत नाही, म्हणून नंबरही त्यांचाच दिलाय. तीन-चार फोन आले, त्यांनी बोलून घेतलं. एक बेलापूरचा होता, लांब पडेल म्हणून त्यांनी नाही सांगितलं. माझं इंग्रजी कच्चं आहे, तिथेच अडतंय. 35,000 भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?
– एक वाचक, कळवा

अहो बाई, इंग्रजीवर अडतंय हे ठरवलं कुणी? आठ महिन्यांत तुमच्याशी एकही माणूस बोललेला नाही, ना इंग्रजीत, ना मराठीत. क्लासचे 35,000 बँकेतच राहू द्या.

फोन आले म्हणजे बायोडेटा चालतोय. कन्सल्टन्सीतली मुलगी नाव बघून फोन लावते, पलीकडून पुरुषाचा आवाज येतो, "ती ऑफिसात आहे, मला सांगा." तिच्यापुढे अख्खी यादी पडलेली असते. "बरं, नंतर करते," म्हणते आणि खालच्या नावावर जाते.

समजा तिने विचारलंच, पगार किती? मिस्टर सांगणार 24,000. ती बाराने गुणून 2,88,000 लिहून घेते. पण तिला हवा असतो सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. तुमचा पीएफ 15,000 वर कापत असतील तर 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 धरून महिन्याचे 26,000 झाले, वर्षाचे 3,12,000. त्यात कंपनी भरते तो पीएफ, 21,600. झाले 3,33,600. नव्या पगाराची घासाघीस सुरू होण्याआधीच 45,600 खाली उतरलात, तेही दुसऱ्याच्या तोंडून. ग्रॅच्युइटी, बोनस मी धरलेलाच नाही. शेवटचं इन्क्रिमेंट लेटर काढून आकडा पक्का करा.

पुढचा प्रश्न कामाचा. "जीएसटी बघते" हे कुणीही सांगतं. टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून तुम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, 14 तारखेला येतो; थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, 20 ला भरायचा. मधल्या सहा दिवसांत काय करता ते सांगा. कुठल्या पार्टीचं बिल टू-बीत दिसत नाही, कुणाला फोन करून आर-वन, म्हणजे त्याच्या विक्रीचं रिटर्न, भरायला लावलं, कुठलं क्रेडिट पुढच्या महिन्यावर टाकलं. हे मराठी-हिंदी मिसळून सांगितलंत तरी अकाउंट्सचा माणूस कान टवकारतो. तुमच्या मिस्टरांना यातलं काय सांगता येणार?

आणि ते बेलापूर! तुम्ही ठाण्याहून रबाळ्याला ज्या लाइनने जाता, त्याच लाइनवर पनवेल गाडीत बसून राहिलात की बेलापूर येतं. अर्ध्या तासाच्या आतला फरक. लांब असेलही, पण कुणाला लांब? पगार विचारला होता का? वेळ विचारली होती का? तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र तिथून हलता येईना. साथ म्हणे!

आज झोपायच्या आत नंबर बदला. प्रोफाइलमध्ये तुमचा मोबाइल टाका, ओटीपी तुमच्याच फोनवर येईल. एवढ्यावर थांबू नका, बायोडेटाच्या फाइलवर वर छापलेला नंबर आपोआप बदलत नाही. वर्डमध्ये तो आणि ईमेल बदलून फाइल पुन्हा चढवा. पासवर्डही बदला आणि नवा स्वतःकडे ठेवा. नोटीस पीरियड अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून भरा, अंदाजाने नको.

सर समोर बसतात तर फोन व्हायब्रेटवर ठेवा. अनोळखी नंबर आला की कापून मेसेज टाका, "कामात आहे, 1:15 ला फोन करते." आणि 1:15 ला डबा उघडायच्या आधी करा, संध्याकाळपर्यंत जागा दुसऱ्याला जाते. गाडीत बसून बोलू नका, आवाज तुटतो; प्लॅटफॉर्मच्या टोकाला जा. रजिस्ट्रेशनचे पैसे कुणी मागितले तर तिथेच फोन ठेवून द्या.

जुनी फाइल ज्यांनी उतरवून घेतलीय त्यांच्याकडे अजून मिस्टरांचाच नंबर आहे. त्यांच्या फोनमधून ते तीन-चार नंबर काढून घ्या. पहिला मेसेज बेलापूरवालीला: "नमस्कार, अकाउंट्सच्या जागेसाठी आपला फोन आला होता. मी स्वतः बोललेले नव्हते. जागा अजून असेल तर मला बेलापूर चालेल, यापुढे कृपया याच नंबरवर फोन करा."