कुंद्याची पैज आणि नुरा कुस्ती

प्रश्न : काका, आमच्या घरात महिनाभर एकच भांडण चाललंय. पुतण्या नववीत आहे, दिवसभर मोबाइलवर डब्ल्यूडब्ल्यूई, ती अमेरिकेतली रिंगमधली कुस्ती, बघतो आणि म्हणतो हे पण कराटे-ज्युदोसारखं मार्शल आर्टच. आमचे बाबा तरुणपणी तालमीत होते, ते म्हणतात सगळी नुरा कुस्ती, नुसतं नाटक. एक किलो कुंद्याची, म्हणजे आपल्या बेळगावकडच्या खव्याच्या मिठाईची, पैज लागलीय. निकाल तुम्हीच द्या.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : बाबांनी शब्द बरोबर पकडलाय बघा. नुरा म्हणजे आधीच ठरलेली कुस्ती. आपल्या मैदानात दोन गडी दहा मिनिटं नुसती खडाखडी करत बसले की मागून कोणतरी ओरडतंयच, ‘नुरा हाय रे, सोडवा!’ आणि हलगीवाला पण हात आखडता घेतो. फरक एवढाच की आपल्याकडे नुरा लपवायची गोष्ट, सापडला की इनाम गेलं आणि अब्रू पण. तिकडे डब्ल्यूडब्ल्यूईच्या कंपनीनं १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे आपणहून सांगून टाकलं की ही करमणूक आहे, कारण खेळ म्हटलं की सरकारी कमिशनचे नियम आणि कर मागे लागतात. पैशापुढे गुपित कुठलं टिकायला!

मार्शल आर्ट कशाला म्हणायचं, याचा माझा हिशोब साधा आहे, समोरचा करू देत नसताना तुम्हाला डाव मारता येतो का? ढाक हा कुस्तीतला डाव मारायला गेलात तर समोरचा अंग चोरणार, वजन मागे टाकणार, तरी त्याला पाठीवर पाडायचं. रिंगमध्ये उचलून आपटतात तेव्हा आपटला जाणाराच उडी मारून मदत करतो. पुतण्याला व्हिडिओ स्लो करून बघायला सांगा, उचलायच्या आधी त्याचे गुडघे वाकलेले दिसतील.

पण ‘नुसतं नाटक’ म्हणायला मी तयार नाही हं. कॅनव्हासखाली पातळ फोम आणि त्याखाली फळ्या असतात, गादी नव्हे. हनुवटी छातीला लावून, श्वास सोडत, पाठीचा वरचा भाग आणि दोन्ही हात एकदम टेकवून पडायचं, हे शिकण्यातच महिने जातात. जपानचा मित्सुहारू मिसावा, इतका मुरलेला गडी, २००९ साली रिंगमध्ये बॅक सुप्लेक्स, म्हणजे मागून धरून पाठीवर आपटायचा डाव, बसला आणि त्यातच गेला.

आणि मूळ म्हणाल तर खरंच कुस्तीतलं. १९१० साली लंडनला गामा पैलवान आणि पोलंडचा पैलवान झबिस्को लढले, झबिस्को पोटावर पडून राहिला आणि अडीच तास उलटले तरी निकाल नाही, मग १९२८ ला पतियाळात त्याच झबिस्कोला गामानं मिनिटाच्या आत चीत केलं. आता अडीच तास पडून राहिलेला माणूस बघायला तिकीट कोण काढणार ओ? अमेरिकेत १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस हा पैलवान आणि त्याच्या जोडीदारांनी लढतीला वेळेची मर्यादा घातली, दिखाऊ डाव घातले आणि जिंकणारा आधीच ठरवायची पद्धत घट्ट केली, ती आजपर्यंत चाललीय.

तरी त्या धंद्यात खरे पैलवान आहेतच. कर्ट अँगल १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं सोनं घेऊन तिकडे गेला. उलट जपानचा साकुराबा प्रो रेसलिंगमधून, म्हणजे याच ठरवलेल्या कुस्तीतून, निघाला आणि २००० साली खऱ्याखुऱ्या लढतीत दीड तास झुंजून ब्राझीलच्या जुजुत्सूवाल्या रॉयस ग्रेसीला हरवलं. पण ते त्या माणसांचं शिक्षण, त्या कार्यक्रमाचं नव्हे.

तेव्हा कुंदा बाबांचा. पण नाटक म्हणून हसल्याबद्दल त्यातला पावभर पुतण्याला द्यायला लावा. आणि गच्चीवर, कॉटवर ते डाव करू देऊ नका त्याला, मान जाईल. फारच हौस असली तर बाबांच्याच तालमीत पाठवा, पहिले काही दिवस फावडं देऊन हौदातली माती उकरायला लावतील, तेवढं आधी कानावर घाला त्याच्या.