सरांना पुन्हा फोन करा

‘मुलगी पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मार्क उत्तम. कॉलेजच्या प्रकल्पासाठी दर शनिवारी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात विहिरींचं पाणी मोजायला जाते. पुढेही यातच शिकायचं म्हणते. समाजसेवा काय, रिटायर झाल्यावरही करता येते. मी सरांना फोन करून तिचं नाव काढायला सांगितलंय. तिला अजून माहीत नाही. एमएसची तयारी कशी करून घ्यावी?’ असं एका वडिलांनी विचारलं आहे.

‘तिला अजून माहीत नाही’ या वाक्यावर मी अडकले. मुलगी वीस वर्षांची आहे. शनिवारी ती नेहमीसारखी सॅक भरून निघेल आणि सर सांगतील, ‘वडिलांचा फोन आला होता.’ चारचौघांत. त्यानंतर ती तुम्हाला मनातलं काही सांगेल असं वाटतं का? मार्कांची काळजी मला अजिबात नाही, याची आहे.

तुम्हीच लिहिलंय, ती खुणा केलेली दोरी विहिरीत सोडते, घरी येऊन आकडे वहीत उतरवते. मार्चमध्ये म्हणाली, ‘बाबा, वरच्या आळीची विहीर आटली, खालच्या बागायतीच्या बोअरला मात्र पाणी आहे.’ तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलीत. मला यात चांगली इंजिनिअर दिसते. पाण्याची पातळी मोजता मोजता ते कोणाच्या वाट्याला येतं, हेही तिच्या लक्षात आलं.

आणि याला समाजसेवा म्हणू नका. पुण्यातलंच उदाहरण घ्या. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या शिक्षिका नव्वदच्या सुमारास कचरावेचक बायकांमध्ये काम करायला गेल्या. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायका किती भंगार वेगळं काढतात, त्याने पालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडला गेला. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला. आज तुमच्या दारात कचरा घ्यायला येणारी ताई बहुधा त्याच संस्थेची सभासद असेल. हिशेब, कायदा, संघटन, वाटाघाटी, सगळं त्यात आलं. फावल्या वेळात होणारं काम नाही हे.

यातच पुढे शिकायचे रस्ते आहेत: गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाच्या केंद्रात एमटेक, किंवा टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) तुळजापूर केंद्र. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असेल, हे तिलाही स्पष्ट सांगा.

पण आधी सरांना आजच फोन करून नाव परत घालायला सांगा. मग शनिवारच्या आत, तुम्ही काय केलंत ते तिला स्वतः सांगा. जमलं तर एकदा तिच्याबरोबर त्या गावाला जाऊन या. एमएसबद्दल तिला काही विचारायचं असेल, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या.